काकांचा कॉम्प्युटर बोलता करताना

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या काकांची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा घरच्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर चादर घातली. ती काढायला आम्हाला दोन वर्षं लागली. काम होतं अर्ध्या तासाचं.

पहिल्यांदा एनव्हीडीए उतरवून घ्या. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. तो स्वतः अंध. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबलं की एनव्हीडीए बोलायला लागतो. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाची सेटिंग उघडा, त्यात मराठी निवडा आणि वेग कमी ठेवा. आवाज अगदी सपाट आहे. “हा कोण नाकात बोलतोय?” असं काकांनी पहिल्या दिवशी विचारलं. आठवड्याभरात तेच म्हणाले, “जरा पळव रे त्याला.”

आता माउस उचलून कपाटात ठेवा. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागणारी रेघ असतेच; इन्सर्ट मात्र सापडत नाही. काकूंनी त्यावर खड्याची टिकली चिकटवली, प्रश्न मिटला. सरावासाठी इन्सर्ट आणि १ दाबा. मग कुठलंही बटण दाबलं तरी फक्त त्याचं नाव ऐकू येतं, काही बिघडत नाही. भीती जायला याच्यासारखा उपाय नाही. पुन्हा तेच दाबलं की सराव बंद. पुढे इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन, कंट्रोलने गप्प. वेबपानावर एच दाबत मथळ्यामागून मथळे गाठता येतात. पहिले पंधरा दिवस एवढं पुरे.

इथवर सगळं सोपं. अडलं ते मंडळाच्या कोजागिरीच्या पत्रकाशी. फाइल उघडली आणि एनव्हीडीए काहीतरी बरळायला लागला. बाणाने एकेक अक्षर ऐकलं, तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच! पत्रक कृतिदेवमध्ये होतं. आमच्याकडे हिंदी टायपिंगच्या दुकानांत हा फॉन्ट अजून चालतो. तो डोळ्यांना म दाखवतो, पण फाइलमध्ये असतो इंग्रजी ई. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करून मागा; त्यात फाइलमध्येही म हा म च असतो. जुन्या फाइलींसाठी कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर नेटवर आहेत. जोडाक्षरं तेवढी एकदा तपासा.

पुढच्या वेळी पत्रक फोटो होऊन आलं. स्कॅन केलेली पीडीएफही तशीच, मुकी. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडली की बहुतेक मजकूर सुटा होतो. त्याहून बरं, पाठवणाऱ्यानेच फोटोखाली चार ओळी टाइप कराव्यात. वर्डमध्ये लिहीत असाल तर मथळा नुसता ठळक करू नका, हेडिंगची स्टाइल लावा. ती लावली तरच एच चालतं. आणि निरोपामागे हात जोडल्याच्या दहा चित्रांची रांग लावण्याआधी थांबा. काकांना त्यांची नावं ऐकावी लागतात.

थोडं दिसत असेल तर विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबून भिंग सुरू होतं, विंडोज आणि एस्केपने बंद. हात थरथरत असतील किंवा एकच हात चालत असेल तर शिफ्ट पाच वेळा दाबा आणि स्टिकी कीजला होकार द्या. मग जोडीची बटणं एकामागून एक दाबता येतात. ऐकू न येणाऱ्याला व्हिडिओ पाठवताना सबटायटल आहेत ना, ते बघा.

शेवटी स्वतःच बनवलेली एक फाइल घ्या, मॉनिटर बंद करा आणि ती कानांनी वाचा. मी माझंच हळदीकुंकवाचं निमंत्रण तसं ऐकलं. गणपतीच्या चित्रानंतर थेट ‘आपले विनम्र’ आलं. तारीख आणि पत्ता मी चित्रातच लिहिले होते.