छोट्या सोलरवर घर किती वेळ चालतं? आधी हा हिशोब करा, मग दुकानात जा

सांगलीत लाईट गेली की पहिला प्रश्न असतो, "सोलर बसवलं तर सगळं घर चालेल का?" नाही चालणार. ३३० वॉटचं एक पॅनल आणि १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप) बॅटरी एवढ्यावर काय काय चालतं ते बघू.

बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १२ गुणिले १५० = १८०० वॉट-तास. पण लीड ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ९०० धरा, त्यातलं इन्व्हर्टर थोडं खातो, हातात राहतात साधारण ७५०. आता दोन जुने फॅन ७५ वॉटचे, चार एलईडी ९ चे, राउटर १० चा, झाले १९६, म्हणजे चार ताससुद्धा नाही. तेच फॅन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, ३० वॉटवाले, तर सात तास. म्हणून आधी फॅन बदला, दुसरी बॅटरी नंतर बघू.

गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर विसराच. फ्रिज चालू असताना फार खात नाही, पण कॉम्प्रेसर उचलताना जो झटका घेतो त्यात छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

३३० च्या पॅनलमधून ३३० कधीच येत नाहीत, पॅनल तापलं की अजून कमी. उन्हाळ्यात दिवसाला हजार-बाराशे वॉट-तास येतात, बॅटरी कशीबशी भरते. पावसाळ्यात मात्र पाटण, महाबळेश्वरकडं दिवसेंदिवस ढग असतात आणि लाईट पण तेव्हाच जाते. जत किंवा माणसारख्या कमी पावसाच्या भागातल्या पाहुण्याचं चांगलं चालतंय म्हणून तेवढंच घेऊ नका, आणि मेनवरून, म्हणजे घरच्या लाईटवरून, चार्जिंगची सोय असलेलाच इन्व्हर्टर घ्या.

कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्यात, पैसे वाचवू नका राव! ३३० चं पॅनल ३७-३८ व्होल्टचं असतं, ते स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं की जेमतेम सव्वाशे वॉट मिळतात, बाकीचे गेले. एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीच्या कामी आणतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १७ अंशाच्या आसपास, आणि टाकीची सावली अजिबात नको, एका कोपऱ्यावर पडली तरी आउटपुट धाडकन खाली येतं.

सबसिडीवालं ऑन-ग्रिड (थेट लाईटच्या लाइनला जोडलेलं) सोलर घेतलंय आणि त्यात बॅटरी नाही, तर लाईट गेल्यावर तेही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. बिल कमी होईल, पण बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) आणि बॅटरी लागणारच.

आणि कृष्णाकाठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ आठवा, बॅटरी-इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर ठेवा. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर मात्र जाड आणि आखूड, कारण १२ व्होल्टवर ३०० वॉट म्हणजे २५ अँपिअर, बारीक वायर तापते.