फवारणीआधी कोळिणीची पिशवी पाहा

पीक महिन्याभराचे झाले, चार पाने कुरतडलेली दिसली, की लगेच पंप पाठीवर चढतो. या दिवसांत थोडा दम धरा. कीड खाणाऱ्या आठपायी कोळ्यांची नवी पिढी याच काळात शेतात तयार होत असते.

सकाळी भाताच्या चुडाशी, म्हणजे रोपांच्या झुबक्याशी, वाकून बुंध्याकडे पाहा. तपकिरी लांडगा कोळीण पोटाच्या मागच्या टोकाला पांढुरकी गोल पिशवी चिकटवून पळताना दिसेल. ती अंड्यांची पिशवी. पिल्ले बाहेर आली की साठ-सत्तर जण आईच्या पाठीवर चढून बसतात आणि काही दिवसांनी पांगतात. कपाशीत किंवा कडधान्यात पायांवर काटे असलेली कोळीण पानाला पिशवी चिकटवून राखणीला बसलेली सापडेल. तिला हुसकावू नका. पुष्कळ जातींची पिल्ले उंच टोकावर चढून रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडतात आणि शेजारच्या शेतात उतरतात. त्यामुळे बांधावरचे गवत मुळापासून खरवडून काढू नये. पीक निघाल्यावर कोळ्यांना तोच आसरा उरतो.

लांडगा कोळी जाळे विणत नाही, धावून शिकार करतो. भाताचा रस शोषणारे तपकिरी तुडतुडे हे त्याचे आवडते खाद्य. दिवसाला पाच ते पंधरा सहज फस्त करतो. कीड येण्याआधी तो कुजणाऱ्या काडीकचऱ्यावरच्या चिलटांवर जगतो. शेणखत, कंपोस्ट घातलेल्या शेतात ही चिलटे भरपूर, म्हणून कोळीही लवकर वाढतात.

खरी अडचण वेगाची आहे. मावा, तुडतुडे झपाट्याने वाढतात, कोळ्याला वाढायला त्याहून बराच वेळ लागतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधे सुरुवातीलाच मारली तर कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या देठात सुरक्षित राहतात. मग तुडतुडे पहिल्यापेक्षा जोमाने उसळतात आणि आपण पुन्हा दुकानात! भातात तर ही औषधे तुडतुड्यांसाठी वापरूच नयेत.

आठवड्यातून एकदा शेतात ठिकठिकाणचे वीसेक चूड हलवून तुडतुडे आणि कोळी दोन्ही मोजा. कोळी भरपूर असतील आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतकी वाढलेली नसेल, तर थांबा. पातळी ओलांडलीच तर प्रादुर्भाव असेल तेवढ्याच पट्ट्यात, त्या किडीपुरते औषध फवारा. ओळींत पेंढ्याच्या सैल जुड्या ठेवल्या तर कोळी त्यांत दडतात. धसकटे जाळू नका.

खोडात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र कोळी पोहोचत नाही. तिच्यासाठी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे लावावेच लागतील.