बर्लिनच्या को-वर्किंगमध्ये ओळखी जोडताना

को-वर्किंगची, म्हणजे टेबल भाड्याने देणाऱ्या सामायिक ऑफिसची, महिन्याची मेंबरशिप घेण्याआधी एका दिवसाचा पास घ्या, शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधला. शुक्रवारी पुष्कळजण घरूनच काम करतात. टेबल आणि वायफाय सगळीकडे सारखंच, बघायचं ते स्वयंपाकघर. दुपारी साडेबाराला लोक तिथे एकत्र जेवतात, की डबा गरम करून हेडफोन लावून जागेवर परततात? दुसरं दिसलं तर दुसरी जागा शोधा. भाडं भराल, ओळखी होणार नाहीत.

हेडफोन लावलेल्या माणसाला हाक मारू नका. कॉफी मशीनपाशी बोला. तिथे ‘आयटी कन्सल्टिंग करतो’ म्हटलं तर समोरच्याला काहीच लक्षात राहत नाही. ‘छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करतोय, जर्मन मजकूर कुणी वाचून देईल का?’ असं म्हणा. मागणं पाच मिनिटांचं असलं की लोक खुशीने मदत करतात. ‘जमणार नाही’ असं तोंडावर सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका, इथे ती बोलण्याची रीतच आहे. आणि कप डिशवॉशरमध्ये ठेवायला विसरू नका, त्याची खरंच नोंद होते.

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथे: कुणी व्हिजिटिंग कार्ड दिलं म्हणजे जाहिरातीला होकार दिला असं नाही. जर्मनीत परवानगीशिवाय जाहिरातीचे मेल पाठवणं बेकायदा आहे. गोळा केलेल्या कार्डांची यादी करून ऑफर पाठवलीत, तर वकिलाची ‘आबमानुंग’, म्हणजे ‘हे थांबवा’ अशी कायदेशीर नोटीस येऊ शकते, फीच्या बिलासकट. झालेल्या बोलण्याचा धागा धरून एकेकाला वेगळं लिहा.

नोकरीच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्यावर असाल तर जोडधंद्याला आधी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी काढा आणि नोकरीचा करारही तपासा. मग तुम्ही ‘फ्रायबेरुफ्लर’ (स्वतंत्र व्यावसायिक) की ‘गेवेर्बे’ (व्यापार-धंदा) हे स्टॉयरबेराटरला, म्हणजे करसल्लागाराला विचारा. प्रोग्रॅमर दोन्हीपैकी कशातही बसू शकतो, आणि शेवटचा शब्द कर खात्याचा. काम सुरू झाल्यापासून महिन्याभरात ‘एल्स्टर’ या कर खात्याच्या पोर्टलवर कर नोंदणीचा फॉर्म भरायचा असतो. वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता देणारं पान लागतं आणि त्यात पोस्ट बॉक्स चालत नाही. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर सही करण्याआधीच को-वर्किंगवाल्यांना विचारा: कायदेशीर नोटीस स्वीकारता येईल असा पत्ता करारात मिळतो का? बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे वेगळे पडतात.

गणपतीत भेटणारी मराठी मंडळी चांगला स्टॉयरबेराटर सुचवतील, तेवढं त्यांना जरूर विचारा. गिऱ्हाईक मात्र शेजारच्या टेबलावरच्या पोलिश डिझायनरकडून किंवा तुर्की हिशेबनिसाकडून येण्याची शक्यता जास्त, कारण त्यांचे ग्राहक तुमच्यापेक्षा वेगळे असतात.