ज्यूल व्हर्न वाचायला सुरुवात कुठून करायची

नाशिककर असाल तर '८० दिवसांत जगाची सफर' पासूनच सुरू करा, कारण त्यात आपलं गाव आहे! मुंबईहून निघालेली गाडी २० ऑक्टोबरच्या रात्री घाट चढते, नाशिक मागे टाकते आणि सकाळी खानदेशात. एका ओळीत उरकलंय, पुढे बऱ्हाणपूरला मात्र नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो कारण त्याचे बूट मलबार हिलच्या देवळात राहिलेत. व्हर्न बाबा १८२८ ला फ्रान्सातल्या नाँत गावी जन्मला, वडील वकील, पोराने पण वकीलच व्हावं असा हट्ट, आणि याने १८६३ मधे बलूनची कादंबरी काढली.

मग पाणबुडीवाली 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' घ्या, माशांच्या याद्या खुशाल गाळा, आणि 'रहस्यमय बेट' त्यानंतरच, कारण त्या पाणबुडीचा कप्तान नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र हे तिथे कळतं (सॉरी, स्पॉयलर). मराठीत हवं तर सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) भा. रा. भागवतांची रूपांतरं आहेत का विचारा, पोरांना तीच द्या. इंग्रजीत घेताना जुनी भाषांतरं टाळा राव, बरीच कापाकापी केलेली असते त्यात.