शिडाची जुनी होडी घेताना कोणता सर्व्हे करावा आणि त्यात काय तपासून घ्यावे

सर्व्हेअरला, म्हणजे होडी तपासणाऱ्या तज्ज्ञाला, बोलावण्यापूर्वी सर्व्हेचा प्रकार लेखी ठरवून घ्यावा. विम्यासाठीचा सर्व्हे होडीची एकंदर स्थिती आणि किंमत पाहतो, अपघातानंतरचा सर्व्हे त्या अपघाताचे नुकसान पाहतो, तर रिगिंगचा सर्व्हे डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या तारा आणि त्यांची टोके तपासतो. विकणाऱ्याने दाखवलेला विम्याचा जुना अहवाल खरेदीसाठी पुरेसा असतो, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला साफ अमान्य आहे. खरेदीपूर्व सर्व्हेच करावा. मात्र त्यातही सर्व्हेअर बहुधा डोलकाठीवर चढत नाही, म्हणून रिगिंगची तपासणी वेगळी सांगावी.

होडी पाण्याबाहेर काढावी. मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर घेतात, तेव्हाची वेळ सोयीची असते. पण फायबरग्लासमधला ओलावा मीटरने लगेच मोजू नये, आधी तळ सुकू द्यावा.

खरी कसोटी कीलच्या, म्हणजे होडीच्या तळाखालच्या जड पात्याच्या, सांध्याची असते, आणि हा भाग मला सर्वांत उशिरा उमगला. होडी खडकावर आदळली की कीलचे मागचे टोक वर रेटले जाते आणि पुढचे खाली ओढले जाते. त्यामुळे बाहेर ओरखडाही दिसत नसताना आत, कीलच्या मागच्या टोकाजवळच्या आडव्या आधारांना तडे गेलेले असू शकतात. ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी होडी मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चौघे जण मरण पावले. पूर्वी होडी समुद्रतळाला लागल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळची बांधणी कमकुवत झाली असावी, असे ब्रिटिश तपास यंत्रणेने नोंदवले. म्हणून होडी क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असतानाच सांधा पाहावा, मग ती कीलवर टेकवून तोच सांधा पुन्हा पाहावा. फट उघडझाप करत असेल, तर वरून लांबी (पुटी) भरून रंग लावण्याचा सल्ला कोणाचाही असो, ऐकू नये. आतल्या फळ्या उचलून कीलच्या बोल्टांभोवतीचा गंज पाहण्याचा आणि आतील आधारांचा साचा तळाला जिथे चिकटवला आहे तिथला प्रत्येक कोपरा हातोडीने ठोकून पाहण्याचा आग्रह धरावा. सर्व्हेअर सहसा काही खोलत नाही. बोल्ट काढून पाहायचा असल्यास मालकाची संमती आधीच घ्यावी लागते. होडी कधी समुद्रतळाला लागली होती का, हे मालकाला स्पष्ट विचारून उत्तर लेखी घ्यावे.

डेक ठोकून पाहताना आवाज बद्द आला, तर डेकच्या आतले बाल्सा हे हलके लाकूड कुजल्याचा संशय घ्यावा. पोलादी होडीच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्यावी. तळाचे व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहावेत आणि पितळ गुलाबी पडले असेल तर ते बदलावेत. शिडे आणि इंजिन समुद्रातल्या चाचणीतच तपासावीत. जे भाग पाहता आले नाहीत, त्यांची यादी अहवालात मागून घ्यावी.