चेहरा वळला की चित्र बिघडतं? या चुका टाळा

जळगावात चित्रकलेचे वर्ग घेताना दर उन्हाळ्यात तेच बघतो. समोरचा चेहरा बरा जमतो. मान जरा वळली की सगळं बिनसतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला चांगली ग्रेड मिळवलेली मुलंही इथे अडकतात, कारण स्मरणचित्रातली माणसं एवढीशी, तिथे चेहऱ्याचं निभावून जातं.

सगळ्यात जास्त घोळ पाऊण चेहऱ्यात होतो, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधोमध वळलेल्या चेहऱ्यात. एका मुलानं आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी फोटोवरून चित्र केलं. टोपी, मिशी, सुरकुत्या, सगळं झकास. फोटोत मान वळलेली, आणि यानं पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच काढलेला. "सर, दोन्ही डोळे सारखेच असतात ना?" आजीनं चित्र हातात घेऊन विचारलं, "हाऊ कोन शे रे?"

डोकं गोल आहे, पलीकडची बाजू नजरेआड वळते. म्हणून तो डोळा अरुंद दिसतो आणि त्याला लागूनच गालाची कड येते. मान आणखी वळली की नाकाचा दांडा त्या डोळ्याचा आतला कोपरा झाकतो. मी आधी नाक काढतो आणि उरलेल्या जागेत पलीकडचा डोळा बसवतो. कुणी वेगळं शिकवत असेल, माझा हात असाच चालतो.

दुसरं दुखणं कान. मान सरळ असताना कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्यामध्ये बसतो, एवढं पाठ असतं. पण मान खाली गेली की नाक-डोळे खाली सरकतात, कान वर चढल्यासारखा दिसतो. मान वर केली की उलट. भुसावळ स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसा. मोबाइलमध्ये मान घातलेले हवे तेवढे मॉडेल फुकट मिळतात, आणि ते हलतही नाहीत.

मान कलली तर डोळ्यांची रेषाही कलते, ती कागदाच्या कडेला समांतर ठेवू नका. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं कललेल्या मानेचं चित्र बघा. आपल्याला एवढं जवळ असून पोरं तिथे फक्त सेल्फी काढून येतात.

बाजूनं बघताना डोळा बदामासारखा नसतो, आडव्या पाचरीसारखा असतो. डोक्याचा मागचा भाग छाटू नका, बाजूनं डोक्याची रुंदी उंचीच्या जवळपास भरते. डोळे डोक्याच्या मध्यावर, कपाळात नाही. आणि सांगाडा चुकलेला असताना बोटानं शेडिंग घासत बसू नका, चूक फक्त काळी होते.

मोबाइलच्या स्क्रीनवर कागद ठेवून गिरवलेली चित्रं मला दाखवायला आणू नका.