जुनी गाडी, अर्धवट कागद: नावावर करताना आधी कुठला धागा धरायचा

मामा गेल्यावर दोन वर्षं त्यांची १९९८ची मारुती एट हंड्रेड शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, मग एक दिवस मामी म्हणाली तुलाच हौस आहे ना, तूच घेऊन जा, भंगारवाला रोज दारात येतोय. गाडी मेकॅनिकने तीन दिवसांत चालू करून दिली, बॅटरी नवीन, कार्बोरेटर साफ, टाकी धुतली, झालं. कागद सरळ व्हायला आठ महिने गेले. आरसी बुक गायब, पासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत, २०२३लाच संपलेलं, इन्शुरन्सचा पत्ता नाही आणि वर एका पतसंस्थेचा एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, चढलेला, ज्या संस्थेच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

या आठ महिन्यांतले निदान पाच माझ्या मूर्खपणामुळे गेले, कारण मी कामं उलट्या क्रमाने केली. म्हणून हे लिहितोय. गाडी कशी आहे ते नंतर बघा, आरटीओच्या रेकॉर्डला तुमची गाडी काय म्हणून दिसतेय ते पहिलं बघा. कारण आरटीओ तुमच्या हातातल्या कागदावर नाही, त्यांच्या 'वाहन' नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीममधल्या नोंदीवर काम करते.

तर आधी परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं पण बाकी बरंच कळतं, पासिंग कधीपर्यंत, कर्ज कोणाचं, गाडी ब्लॅकलिस्टला आहे का, दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी निघालीय का, आणि रजिस्ट्रेशन चालू आहे की रद्द. रद्द दिसलं तर एक रुपया खर्च करू नका, आधी खिडकीवर जाऊन कशामुळे रद्द झालं ते विचारा. स्क्रॅप म्हणून रद्द झालेली असेल तर विषय संपला, ती परत रस्त्यावर येत नाही. चलनंही तपासा, आमच्या मामांची दोन निघाली, सीट बेल्टची.

नंबर टाकल्यावर काहीच येत नसेल तर घाबरू नका. एमएच सीरिज यायच्या आधीच्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्या, एमएमएच वगैरे, किंवा पुढच्या काळातल्याही काही, अजून जुन्या रजिस्टरमध्येच आहेत. त्यांची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, म्हणजे जिथे गाडी मूळ रजिस्टर झाली त्या आरटीओत अर्ज द्यायचा, जे काय जुने कागद असतील, टॅक्सची पावती, जुना इन्शुरन्स, आरसीची झेरॉक्स, ते जोडायचे आणि मग ते रजिस्टर काढून नोंद कॉम्प्युटरवर चढवतात. याला वेळ लागतो, सौम्य आवाजात पाठपुरावा करा, भांडून काही होत नाही.

आणि एंट्री झाली की चेसिस नंबर अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. माझ्या केसमध्ये कधीतरी कोणीतरी टाइप करताना एक आकडा चुकवलेला. हे मला कळलं कधी, तर गाडी पासिंगला उभी केली आणि इन्स्पेक्टर साहेबांनी बॉनेट उघडलं तेव्हा. सरळ परत पाठवलं, बरोबरच होतं त्यांचं. म्हणून गाडी नेण्याआधी घरीच चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ट्रेस काढा. गंज असेल तर डिझेलच्या फडक्याने हळू पुसा, सँडपेपर अजिबात लावू नका, आकडा पुसट झाला की तुम्हीच खाडाखोड केली असं दिसतं. आकडा खरंच गेला असेल तर रीपंचिंग, म्हणजे नंबर पुन्हा ठोकून घेणं, असतं पण ते आरटीओच्या परवानगीनेच, गॅरेजमध्ये कोणी "दोन मिनिटात मारून देतो" म्हणाला तर गाडी घेऊन तिथून निघा.

इंजिन नंबरही असाच बघा. जीपवाल्यांना हे खास सांगणं, इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर आधी त्याची नोंद, त्यासाठी इंजिनचं बिल लागतं. सीएनजी, एलपीजी किट बसवून नोंद न केलेल्या गाड्यांचंही तेच.

आता एचपी. कर्ज फिटलेलं असतं पण नोंद उतरवलेली नसते, महाराष्ट्रात अर्ध्या जुन्या गाड्यांचं हेच दुखणं. फॉर्म ३५ वर कर्ज देणाऱ्याचा सही-शिक्का आणि एनओसी लागते. बँक दुसऱ्या बँकेत गेली असेल तर नवी बँक देते, म्हणजे साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, तर आता तिकडे अर्ज करायचा, जवळच्या ब्रँचमध्ये जुना लोन नंबर किंवा निदान गाडी नंबर आणि कर्जदाराचं नाव घेऊन जा. पतसंस्था बुडालेली असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात जाऊन विचारायचं की या संस्थेवर अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार आवरणारा अधिकारी, कोण आहे, दप्तर त्यांच्याकडे असतं आणि सहीसुद्धा त्यांचीच चालते. मला हे एका रिटायर्ड क्लार्कने सांगितलं, त्याआधी दीड महिना मी संस्थेच्या जुन्या चेअरमनच्या घरी चहा पीत बसलो होतो.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची तक्रार, मग फॉर्म २६ वर डुप्लिकेट. एचपी चालू असेल तर या फॉर्मवरही फायनान्सवाल्याची सही मागतात, म्हणून सांगतो, एचपीचा माणूस आधी शोधा आणि बाकी नंतर.

मालक वारलेले असतील तर फॉर्म ३१. नेहमीचे, खरेदी-विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० इथे चालत नाहीत, आणि मेलेल्या माणसाची "जुनी सही करून ठेवलेली आहे" म्हणून ते भरणं हा सरळसरळ खोटेपणा आहे, एजंट सुचवतात, करू नका. नियम असा की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत नावावर करायला अर्ज द्यायचा. आपल्याकडे तीन महिन्यांत कोणाला गाडी आठवते? उशीर झाला तरी काम होतं, दंड भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारस कोण ते दाखवणारा कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत, नोटरी केलेली. माझ्यासाठी मामी आणि दोन्ही मामेभावांच्या सह्या लागल्या, एक दुबईत, त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबलो. आणि भाचा थेट वारस बसत नाही हे मला खिडकीवर कळलं, म्हणून आधी गाडी मामीच्या नावावर फॉर्म ३१ ने, मग मामीकडून माझ्या नावावर २९ आणि ३० ने. दोनदा फी, पण स्वच्छ काम.

मालक जिवंत आहे पण सापडत नाही, गाडी मधे तीन हात फिरलीय आणि तुमच्याकडे फक्त सही केलेले कोरे टीटीओ फॉर्म, म्हणजे नाव बदलायचे तेच २९ आणि ३०, आहेत, ही सगळ्यात वाईट केस. मधल्या तिघांना आरटीओ ओळखत नाही, तिला रेकॉर्डवरचा मालक पाहिजे. सही रेकॉर्डशी जुळवतात, ओटीपी लागतो, शंका आली तर समोर बोलावतात. आरसीवरच्या पत्त्यावर जा, शेजाऱ्यांना विचारा, रजिस्टर पोस्टाने पत्र टाका. सापडला की त्याला हे सांगा की गाडी कागदावर तुझ्या नावावर आहे तोवर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुझ्यावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८च्या निकालात तेच म्हटलंय, बघा कसा सहीला धावत येतो ते. नाहीच सापडला तर वकील गाठायचा, आणि खरं सांगायचं तर साध्या गाडीसाठी कोर्टाचा खर्च परवडत नाही, विकत घेताना हे कळलं तर घेऊच नका. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचंही तसंच, तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे म्हणून त्या स्वस्त असतात, एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, शिवाय इथला टॅक्स वेगळा.

एवढं झालं की मग पासिंग. १५ वर्षांनंतर फॉर्म २५ वर ५-५ वर्षांसाठी रिन्यू होतं. कारची फी १५ ते २० वर्षांपर्यंत ५,००० आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००, उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे, आणि पर्यावरण कर. म्हणजे एट हंड्रेडच्या बाजारभावाचा चांगला लचका इथेच जातो, हिशोब आधी करा. थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी आदल्या आठवड्यात काढून ठेवा, आणि १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवूनच जा, नाहीतर बाकीचं कामही अडवतात. पासिंगच्या दिवशी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक चालू पाहिजेत, माझा मागचा एक दिवा ऐनवेळी गेला, बाहेरच्या टपरीवर साठ रुपयांत मिळाला.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर तुमचा रस्ता वेगळा. व्हिंटेज म्हणून व्हीए सीरिजचा नंबर मिळतो, फी २०,०००, वैधता १० वर्षं, पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच, रोज भाजी आणायला नाही.

एजंट घ्यायचा का? फॉर्म भरायला घ्या, पण मूळ कागद कधीच त्याच्याकडे ठेवू नका आणि प्रत्येक पावतीचा फोटो काढा. अर्जात टाकलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे ना ते बघा, त्याचा नको, सगळे ओटीपी तिथेच जातात.

शेवटी नवीन आरसी स्पीड पोस्टने घरी येते. माझी आली तेव्हा घराला कुलूप होतं, परत गेली आरटीओत, आणि ती आणायला मी त्याच एट हंड्रेडने गेलो.